राउटर उघडणारं पोरगं आणि दहावीनंतरचा प्रश्न

नमस्कार,

खानापूर तालुक्यातून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. दुकानात बसूनच लिहिलंत वाटतं, कागदाच्या मागं उधारीचे आकडे आहेत. मुलगा दहावीला, मराठी माध्यमात. गणित बरं, इंग्रजी कच्चं. गावातले बंद पडलेले राउटर गोळा करतो, ‘त्यात दुसरं सॉफ्टवेअर घालतो’, आणि हल्ली मोबाइलवरून चालू-बंद होणारे स्मार्ट प्लगही खोलायला लागलाय. तुम्ही विचारलंय, याचं पुढं होणार काय, आणि पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स की डिप्लोमा?

तुम्ही न विचारलेलं आधी सांगतो. राउटरची काळजी नको, ॲडाप्टरमधून त्याला बहुधा ९ किंवा १२ व्होल्टच येतात. प्लगचं तसं नाही. आतली ईएसपी८२६६ ही वायफायची चिप ३.३ व्होल्टवर चालते, पण त्याच बोटभर सर्किटच्या पाटीवर घरातले २३० व्होल्टही असतात, आणि स्वस्त प्लगमध्ये दोन्हींच्या मध्ये आडोसा नसतो. म्हणजे ३.३ ची म्हणून धरलेल्या तारेतही फेज असू शकतो. फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं सॉफ्टवेअर, घालायला ही पाटी यूएसबीच्या कन्व्हर्टरनं लॅपटॉपला जोडतात. त्या वेळी प्लग भिंतीत असला तर लॅपटॉप तर जाईलच, पोराच्या जिवावरही बेतेल. तेव्हा घरात एकच नियम करा: झाकण उघडं असेल तर प्लग भिंतीत नाही. पाटीला वीज कन्व्हर्टरच्या ३.३ व्होल्टचीच. यात ‘एकदाच बघतो पप्पा’ चालणार नाही.

आता त्याच्या उद्योगाबद्दल. ते दुसरं सॉफ्टवेअर बहुधा ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर असावं. २००३ साली लिंक्सिस कंपनीला आपल्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स कोड जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळं खुला करावा लागला, आणि २००४ मध्ये त्यातून हा प्रकल्प उभा राहिला. म्हणजे पोरगं चोरीचं काही वापरत नाही, ते मनातून काढून टाका.

पण व्हिडिओ बघून फाइल चढवणं हे कौशल्य नव्हे, ते दहा मिनिटांत कुणालाही जमतं. मी मुलांना एवढंच विचारतो: बिघडलं तेव्हा काय केलंस? मी स्वतः एकदा एका राउटरवर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हर्जनची फाइल चढवली. एकच दिवा लुकलुकत राहिला, बाकी सगळं ठप्प. पाटीवर एका ओळीत चार भोकं होती. त्यातली ग्राउंड, टीएक्स (माहिती पाठवणारं) आणि आरएक्स (माहिती घेणारं) मीटरनं शोधून काढली, चौथ्या व्हीसीसीला, म्हणजे विजेच्या भोकाला, हात लावला नाही. कन्व्हर्टर जोडला तर स्क्रीनवर नुसती अगम्य चिन्हं. माहितीचा वेग सेकंदाला ११५२०० बिट केला आणि इंग्रजी ओळी सरसर उतरायला लागल्या: बूटलोडर (राउटर सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम), मेमरी, आणि नेमका अडला तो टप्पा. दोन संध्याकाळी गेल्या. तुमच्या मुलानं असं काही सांगितलं, तर तो एम्बेडेडच्या, म्हणजे यंत्रांच्या आतल्या चिपा चालवण्याच्या कामाच्या, उंबऱ्यावर उभा आहे असं समजा. नाही सांगितलं तर अजून खेळतोय. दहावीच्या वयात तेही वाईट नाही.

माझं मत डिप्लोमाकडं झुकतं: इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, तीन वर्षं. हातानं शिकणारं पोर पीयूसीची दोन वर्षं क्लास आणि केसीईटी या कर्नाटकातल्या प्रवेशपरीक्षेच्या रगाड्यात घालवतं आणि सोल्डरिंग गन माळ्यावर जाते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. डिप्लोमानंतर डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेशपरीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, व्हीटीयू या तंत्रशिक्षण विद्यापीठाची कॉलेजं बेळगावातच आहेत. मात्र त्याला फिजिक्सचं खरंच वेड असेल, तर पीयूसीच. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड लवकर कमवायची गरज असेल तरच धरा.

कोल्हापूरचाही विचार करा. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत ‘टाइप ई’ असा वेगळा प्रकार आहे. तुमचं गाव महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांत आहे का ते बघा, आणि कागदपत्रं यंदाच्या माहितीपुस्तिकेवरूनच जमवा, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको.

इंग्रजीची भीती आहे, पण ती याच छंदातून जाईल. चिपची डेटाशीट, म्हणजे तिची तांत्रिक माहितीची पानं, इंग्रजीतच असते. रोज अर्धं पान वाचून त्यानं वहीत मराठीत लिहावं: आज काय जोडलं, काय बंद पडलं, का. कन्नडही सोडू नका. उद्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीनचं कंट्रोल पॅनल उघडायची वेळ आली, तर शेजारचा ऑपरेटर बहुधा कन्नडच बोलेल.

सुट्टीत त्याला घेऊन या. गुणपत्रिका नसली तरी चालेल, वही आणि बिघडलेला एक राउटर हवा. आणि हो, गावातून गोळा केलेल्यांपैकी इंटरनेटवाल्यानं डिपॉझिटवर दिलेला एखादा राउटर असेल तर तो ज्याचा त्याला परत द्यायला सांगा. तो कंपनीच्या मालकीचा असतो.