अ‍ॅनॉमली म्हणजे विसंगतीच का?

प्रश्न असा आलाय की कंपनीच्या सिस्टीममधले इव्हेंट लॉग, म्हणजे कोणतं काम कधी झालं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, चाळून जी अ‍ॅनॉमली शोधतात तिला मराठीत 'विसंगती' म्हणायचं की 'गैरप्रकार'. गैरप्रकार अजिबात नको, त्यात आरोप आधीच ठेवलेला असतो आणि इथे तर अजून कुणी चौकशीही केलेली नाही.

विसंगती चालेल, पण जपून. संगती कशाशी तरी लागते ना, म्हणजे आधी ठरलेला क्रम हवा, मागणी मग पर्चेस ऑर्डर मग माल मग बिल मग पेमेंट, आणि केस, म्हणजे एका खरेदीचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा प्रवास, त्याच्याशी जुळली नाही की ती विसंगत. आता गंमत बघा, हा क्रमही एकच नसतो. २०१९ च्या बीपीआय चॅलेंजसाठी, म्हणजे खऱ्या कंपनीचा लॉग देऊन त्याचं विश्लेषण करायला सांगणाऱ्या स्पर्धेसाठी, नेदरलँड्समधल्या एका रंगांच्या कंपनीचा खरेदीचा लॉग दिला होता, २,५१,७३४ केसेस आणि जवळपास १६ लाख नोंदी. त्यात काही खरेद्यांमध्ये माल यायच्या आधी बिल नोंदवलं तरी चालायचं, फक्त माल येईपर्यंत पेमेंट अडवून ठेवायचे, आणि काहींमध्ये आधी माल आलाच पाहिजे. मग तेच आधी आलेलं बिल एकीकडे रीतसर आणि दुसरीकडे विसंगत!

जिथे ठरलेला क्रम हाताशी नसतोच, सॉफ्टवेअर एवढंच सांगतं की बाकीच्या केसेस अशा गेल्या आणि ही वेगळी गेली, तिथे मी 'खटकणारी केस' म्हणतो. खटकणं म्हणजे नुसतं थांबून बघायला लावणं, दोष अजून कुणाचाच नाही. आणि टप्पा गाळून किंवा त्याच टप्प्यावर फिरफिरून गेलेली असेल तर 'आडवळण', हा शब्द मला फार आवडतो.

अ‍ॅनॉमलीच्या मूळ ग्रीक शब्दात 'सपाट नसलेलं' असा अर्थ आहे, अन् म्हणजे नाही आणि होमालोस म्हणजे सपाट, तो 'होमोस' म्हणजे 'सारखा' यावरून आलेला. आपला 'विषम' अगदी तसाच, वि अधिक सम, आणि सम नि ग्रीक होमोस एकाच मुळातले. पण विषमता म्हटलं की आपल्याला गरीब-श्रीमंतच आठवतं, त्यामुळे तो शब्द इथे वापरता येत नाही.

लॉगला मात्र नवा शब्द शोधूच नका, 'रोजकीर्द' आहे की, तारीखवार जशी घडली तशी नोंद. तीच नोंद केस नंबरप्रमाणे लावली की झाली खतावणी, आणि आडवळण दिसतं ते खतावणीतच. दोन ऑर्डरींच्या नोंदी चुकून एका केसमध्ये पडल्या तर न घडलेली आडवळणंही दिसायला लागतात, म्हणून जाणकार आधी केस नंबर तपासतात.