सर गेले दिवाळीनंतर, टायमिंग गेलं सप्टेंबरात

ताई,
मी १९ वर्षांची, एस. वाय. बीएस्सीला आहे. गाव सांगली जिल्ह्यात, पुण्यात कॉट बेसिसवर राहते. ५,००० मीटर आणि क्रॉस कंट्री धावते. दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर कळलं, आमचे कोच सर दुसऱ्या कॉलेजला गेले. सीझनच्या मधेच! जाताना दोन मुलांनाही घेऊन गेले. ग्रुपवर नुसती भांडणं चालली आहेत. कुणी सरांना गद्दार म्हणतं, कुणी म्हणतं कॉलेजने त्यांना नीट मानधन दिलं नाही. मला मात्र कुणी वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतंय. गावाकडून आलेल्या मुलीला त्यांनी उभं केलं. दर शनिवारी सगळ्यांसमोर वजन करायचे, त्यामुळे शिस्त लागली. माझं वजन ५१ वरून ४६ वर आलं आणि टायमिंग १९:४० वरून १८:५५. सप्टेंबरपासून १९:२० च्या आत येत नाहीये, आणि आता तर सरच नाहीत. डाएट मी सोडलेलं नाही. सकाळी चहा-खारी, मेसचा एकच डबा दुपारी-रात्री मिळून, संध्याकाळी एक केळं. रोज १२ किलोमीटर होतातच. नव्या मॅडमवर कुणाचाच विश्वास नाही. आल्या आल्या मुलींना कार्डं दिली आणि पाळीच्या तारखा लिहायला सांगितल्या. आम्ही सगळ्या हसलो. माझी तर जूनपासून आलेलीच नाही, मी काय लिहिणार! सर म्हणतात, तूही इकडे ये, बाकीचं मी बघतो. घरचे म्हणतात, तुझं तू ठरव. जाऊ का?
– सैरभैर, पुणे

सैरभैर,

नको जाऊस. आणि ते कार्ड उद्या सकाळी भरून मॅडमच्या हातात दे. काय लिहिणार म्हणतेस ना? हेच लिही: ‘जूनपासून नाही.’

एवढ्या लांब पत्रात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तू एका वाक्यात उडवून लावलीस, तीही हसण्यावारी. आता तुझ्याच पत्रातल्या तारखा ओळीने मांड. जूनमध्ये पाळी थांबली. सप्टेंबरमध्ये टायमिंग थांबलं. सर गेले दिवाळीनंतर. सरांच्या जाण्याने तुझं काही बिघडलेलं नाही. जे बिघडलं ते सर असतानाच बिघडलं, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि वजनकाट्यावर त्याचं कौतुक झालं.

नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही की डॉक्टरकडे जायचं असतं, मग मुलगी धावणारी असो की नसो. तुला पाच महिने होऊन गेले. ‘जास्त पळणाऱ्या मुलींचं असं होतंच’ हे ग्राउंडवर सर्रास बोललं जातं आणि ते चूक आहे. धावण्यामुळे पाळी जात नाही. धावण्यात जे खर्च होतं ते पोटात परत गेलं नाही की जाते. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग हे सगळं चालवतो. पुरेसं इंधन येत नाहीये असं दिसलं की तो आधी बीजकोशांना जाणारा निरोप बंद करतो, कारण जिवंत राहायला पाळी लागत नाही. तो निरोप थांबला की इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घसरतं, आणि इस्ट्रोजेन घसरलं की हाडांची झीज भरून निघत नाही. तुझं वय हाडं भक्कम व्हायचं आहे. ही वर्षं निसटली तर पुढे तेवढी भर पडत नाही.

आता तुझ्या डब्याचा हिशोब करू. तुझं वजन ४६. त्यातून चरबी वगळली तर साधारण ३८ किलो उरतात. धावण्याचा खर्च वजा जाऊन या ३८ पैकी प्रत्येक किलोमागे दिवसाला ४५ च्या आसपास कॅलरी शिल्लक राहायला हव्यात. आकडा ३० च्या खाली गेला की बहुतेक मुलींची संप्रेरकं गडबडायला लागतात, काहींची त्याआधीच. धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक कॅलरी. म्हणजे तुझे १२ किलोमीटर साडेपाचशेला पडतात. चहा-खारीच्या दोनशे धर. डबा चार पोळ्या, सुकी भाजी, वरण-भाताचा असेल तर फार तर साडेनऊशे. केळ्याच्या शंभर. झाल्या साडेबाराशे. त्यातून साडेपाचशे गेल्या, उरल्या सातशे. भाग ३८ ने. अठरा! अठरावर तू शरीर चालवतेस, कॉलेज करतेस, प्रॅक्टिकलला उभी राहतेस आणि वर ४०० मीटरचे रिपीट्स, म्हणजे तेच अंतर पुन्हा पुन्हा जोरात, मारतेस. टायमिंग अडकणारच. उलट ते १९:२० वर टिकलं याचंच मला आश्चर्य वाटतं.

वजन उतरल्यावर सुरुवातीला वेग वाढला, हे खरं आहे. याच्यामुळेच मुली फसतात. पहिले काही महिने हलकं शरीर जोरात पळतं आणि सगळ्यांना वाटतं, डाएट लागू पडलं. मग पाय जड होतात, झोप नीट लागत नाही, सर्दी-खोकला सुटत नाही, थंडी जास्त वाजते, बारीकसारीक गोष्टींवर रडू येतं. यातलं किती तुझ्याशी जुळतं ते तू स्वतःला विचार. ते ‘वाऱ्यावर सोडल्यासारखं’ वाटणंसुद्धा थोडं पोटातून येतंय का, तेही बघ.

आज रात्री आणखी एक काम कर. पलंगावर बस आणि नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत अंगठा दाबत वर जा. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात बोथट दुखत असेल तर ते बहुतेक स्नायूंच्या ओढीचं असतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, किंवा दुखणं धावताना कमी न होता वाढत जात असेल, तर हाडाला बारीक तडा जात असण्याची शक्यता असते. तसं असेल तर धावणं त्याच दिवशी बंद. एका पायावर उड्या मारून खात्री करत बसू नकोस. जांघेत खोल दुखत असेल तर त्याहून लवकर डॉक्टर गाठ, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा फार महागात पडतो. आणि एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणून सुटलो असं समजायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतो.

अमेरिकेची मेरी केन १७ व्या वर्षी जागतिक स्पर्धेत १,५०० मीटरची अंतिम फेरी धावली होती. वजन कमी कर म्हणून तिच्या मागे लागलं गेलं. २०१९ मध्ये तिने स्वतः जाहीरपणे सांगितलं की तीन वर्षं तिची पाळी बंद होती आणि पाच हाडं मोडली. आपल्याकडची ललिता बाबर बघ. साताऱ्याच्या माण तालुक्यातली पोरगी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, तेव्हा २७ वर्षांची होती. लांब पल्ल्याच्या मुलींचे चांगले दिवस उशिरा येतात. तू १९ ची आहेस. तोपर्यंत हाडं शाबूत राहिली पाहिजेत.

कार्ड दिल्यावर याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पैशांची अडचण असेल तर ससूनला सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. डॉक्टरांना आधी हे सांग: मी रोज १२ किलोमीटर धावते, वजन पाच किलो उतरलंय, पाळी जूनपासून नाही. हे तिन्ही एका दमात सांगितलं नाहीस तर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून परत येशील. डॉक्टर सगळ्यांत आधी गरोदरपणाची चाचणी करतील. ती सगळ्यांचीच करतात, अपमान वाटून घेऊ नकोस. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल या संप्रेरकांच्या तपासण्या आणि बहुधा सोनोग्राफी, कारण पाळी जाण्याची इतर कारणंही आधी वगळावी लागतात. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासायला तू आपण होऊन सांग. हिमोग्लोबिन ठीक असून फेरिटिन तळाला गेलेलं असणं धावणाऱ्या मुलींत नेहमीचं आहे. पाळी सहा महिन्यांच्या पुढे लांबली किंवा हाडाचं दुखणं निघालं तर हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन करायचा का, ते विचार. केलाच तर तुझ्या वयाला टी-स्कोअर नाही, झेड-स्कोअर, म्हणजे तुझ्याच वयाच्या मुलींशी केलेली तुलना, बघतात.

पाळी आणायच्या गोळ्या कुणी लगेच लिहून दिल्या तर त्या कशासाठी, हे विचारल्याशिवाय घेऊ नकोस. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण उपासमार तशीच राहते, हाडंही त्यावर सावरत नाहीत, आणि आपली पाळी आली की नाही हे कळायची खूणच पुसली जाते. खरा उपाय ताटात आहे.

मेसवाल्या काकूंना आजच फोन कर: उद्यापासून डबे दोन. पूर्ण, दुपारी एक आणि रात्री एक. पोळीला तूप. पहाटे ग्राउंडवर जाताना केळं नाहीतर तीन-चार खजूर, नुसता चहा अजिबात नाही. धावून झालं की अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे: पेलाभर दूध आणि शेंगदाण्याचा लाडू, किंवा दोन उकडलेली अंडी आणि पाव. सॅकमध्ये गूळ-शेंगदाण्याची पुडी ठेव, दोन लेक्चर्सच्या मधे खा. पहाटे साडेपाचला धावायचं आणि पहिलं नीट जेवण दुपारी एकला, हे दिवसभराचं खाणं पुरेसं असलं तरी अंगाशी येतं. प्रोटीन पावडरचा डबा घेऊ नकोस, त्या पैशात महिन्याचं दूध आणि अंडी होतात.

वजन वाढेल, दोन-चार किलो. पहिले काही आठवडे जड वाटेल, टायमिंग आणखी घसरल्यासारखं दिसेल. तेव्हा घाबरून पुन्हा एका डब्यावर आलीस तर सगळं मुसळ केरात. पाळी परत यायला काही महिने लागतात, कधी सहाच्याही वर. तोवर डॉक्टर सांगतील तेवढंच धाव. त्यांनी सांगेपर्यंत अंतर निम्मं, रिपीट्स बंद, तळजाईची चढणही बंद. हा सीझन गेला असंच धरून चाल.

सरांबद्दल तू खूप लिहिलंस, मी थोडंच लिहिते. मानधनावर राबणारा माणूस बरं मिळालं तिकडे गेला, तर त्याला गद्दार म्हणायचा कुणालाही अधिकार नाही. ग्रुपवर भांडणाऱ्या पोरांना हे वाचून दाखव. पण दर शनिवारी मुलामुलींच्या देखत तुम्हाला काट्यावर उभं केलं आणि वर्षभरात एकदाही पाळीचं विचारलं नाही, हे मी त्यांच्या पदरात घालणार. त्यांनी तुला उभं केलं, मान्य. पुढचं त्यांच्या हातात सोपवायचं नाही. ‘बाकीचं मी बघतो’ म्हणतात त्यात हे येत नाही, हे जूनपासून दिसतंच आहे.

ज्या मॅडमवर तुमचा विश्वास नाही, त्यांनी आल्या आल्या नेमका तोच प्रश्न विचारला. तुम्ही हसलात. हसण्यासारखं त्यात काय होतं? कार्ड सगळ्यांसमोर देऊ नकोस, बाजूला गाठून दे, आणि ते कुणाच्या हाती लागणार नाही ना, हेही विचार. तो तुझा हक्क आहे. ‘टीममधून काढतील’ ही भीती मनात येईल. सीझनभर बसवतीलही. बसवलं तर त्या त्यांचं काम नीट करताहेत असं समज. आणि तुझ्याबरोबर हसलेल्या मुलींपैकी आणखी कुणाचं कार्ड कोरं आहे का, ते रूमवर गेल्यावर विचार. एखादी तरी निघेल.

कॉलेज वर्षाच्या मधे बदललं तर विद्यापीठाच्या स्पर्धांसाठी पात्रतेचं काय, ते क्रीडा संचालकांकडून कळेल. पण मी सांगते त्याला ते कारण नाही, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

सरांना एक मेसेज मात्र कर. शनिवारच्या वजनांची आणि रोजच्या किलोमीटरची वही त्यांच्याकडे असेल. तुझ्या पानांचे फोटो पाठवायला सांग, जानेवारीपासूनचे. वजन कधी उतरायला लागलं आणि तेव्हा अंतर किती होतं, हे डॉक्टरांना त्यातून कळेल. का हवेत असं त्यांनी विचारलं, तर खरं कारण सांग.