एक ट्यूब हेड, दोन कॅब: मधे स्विच टाकायचा असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे की ५० वॉटचं ट्यूब हेड (स्पीकर नसलेलं गिटार अँप) आहे, एक ४×१२ कॅब (बारा इंची चार स्पीकरांची पेटी) १६ ओहमची, एक १×१२ कॅब (तसाच एकच स्पीकर) ८ ओहमची, आणि गिटारचा सिग्नल दोन अँपमधे वाटायला जो एबीवाय पेडल मिळतो तोच हेडच्या मागे लावून पायाने कॅब बदलता येईल का. नाही, तो पेडल तिथे अजिबात लावू नका. आणि "माझं तर चालतं की" म्हणणाऱ्या मित्राचं अँप एकतर ट्रान्झिस्टरचं असणार, नाहीतर त्याने अजून व्हॉल्यूम चढवलेला नसणार.

गिटारचा पिकअप फार तर वोल्टभर सिग्नल देतो, त्यात करंट असा काही नसतोच, त्यामुळे पेडलमधे केसासारख्या वायरी आणि बारका स्विच टाकून भागतं. हेडच्या मागून ५० वॉट निघाले की ८ ओहमवर २० वोल्ट आणि अडीच अँपिअर, १६ ओहमवर साधारण २८ वोल्ट आणि पावणेदोन अँपिअर. तो पेडल ह्यासाठी बनलेलाच नाही. गिटारची शिल्डेड केबल कॅबला लावू नका असं सांगतात तेही ह्याच कारणाने, स्पीकर केबल जाड आणि बिनशिल्डची पाहिजे, वरून दोन्ही सारख्याच दिसल्या तरी.

पण खरी भीती वेगळीच आहे. बहुतेक साधे स्विच आधी जुना कॉन्टॅक्ट सोडतात आणि मग नवा पकडतात. त्या मधल्या काही मिलिसेकंदात हेडला कुठलाच स्पीकर लागलेला नसतो. त्याच वेळी तुम्ही जोरात कॉर्ड मारलेला असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला जायला वाट राहात नाही, आणि त्याच्या प्रायमरीवर, म्हणजे ट्यूबकडच्या वाइंडिंगवर, वोल्टेज एकदम उसळतं, हजारांत जाऊ शकतं. मग ठिणगी कुठेतरी पडतेच. ईएल३४ ट्यूबचं सॉकेट बघितलंत तर पिन ३ प्लेटची (हेच वोल्टेज तिच्यावर येतं) आणि तिला चिकटून पिन २ हीटरची, ह्या दोघींच्या मधे काळी रेघ उमटलेली रिपेअरवाले दाखवतात ती ह्यातलीच. ती रेघ म्हणजे कार्बन, एकदा पडली की तीच वायरसारखं काम करते आणि पुढच्या वेळी ठिणगी आणखी सहज पडते. सॉकेट बदलून भागलं तर नशीब समजा, ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग गेलं तर खर्च मोठा.

ट्रान्झिस्टर अँपचं बरोबर उलटं. त्याला स्पीकर नसला तरी तो निवांत, पण शॉर्ट झाला किंवा ओहम कमी पडले की पॉवर ट्रान्झिस्टर जातात. फेंडरच्या ट्यूब अँपमधे तर मेन स्पीकर जॅकमधून प्लग काढला की जॅक स्वतःच शॉर्ट होतो, कारण ट्यूबला थोडा वेळ शॉर्ट सोसतो पण ओपन सोसत नाही.

आता जे प्रश्नात तुम्ही विचारलंच नाहीत पण जास्त महत्त्वाचं आहे ते. तुमच्या दोन्ही कॅबचे ओहम वेगळे आहेत, आणि स्विचने कॅब बदलली तरी हेडच्या मागचा ओहमचा सिलेक्टर काही आपोआप बदलत नाही. तो १६ वर ठेवलात तर छोट्या कॅबला लोड निम्मा, ट्यूब जास्त तापणार आणि लवकर थकणार. ८ वर ठेवलात तर मोठ्या कॅबला लोड दुप्पट, म्हणजे परत वोल्टेज चढण्याकडे कल. एवढा फरक बरीच अँप सोसतात, पण रोज रोज, फुल आवाजात, जुन्या ट्रान्सफॉर्मरवर मी तरी करणार नाही.

आणि दोन्ही कॅब एकदम लावायचा मोह होईल, कारण आवाज मस्त भरतो. तेव्हा १६ आणि ८ पॅरलल होऊन साधारण सव्वापाच ओहम होतात, जे कुठल्याच सिलेक्टरवर नसतं. शिवाय ८ वाली कॅब दुप्पट पॉवर खाते, म्हणजे ५० वॉटातले ३३ त्या एकट्या स्पीकरवर आणि १७ तिकडे चार स्पीकरांत वाटून. त्या १×१२ मधे सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर असेल तर तो २५ वॉटचा असतो. एकटा लावलात तर पूर्ण ५० त्याच्यावर, आणि ट्यूब हेड फाडून वाजवलं की ५० चेही वर जातं. मागे काय छापलंय ते आधी वाचा. मल्टीमीटरने तपासणार असाल तर १६ ओहमचा स्पीकर तेराच्या आसपास दाखवतो, ८ वाला साडेसहाच्या आसपास, त्यात बिघाड काही नाही.

मला विचाराल तर स्विचच्या भानगडीत पडायच्या आधी १×१२ मधला स्पीकर १६ ओहमचा करून घ्या, गिटारचे बरेचसे स्पीकर ८ आणि १६ दोन्हीत मिळतात. ४×१२ कडे बघू नका, त्यात १६ चे चार असतील तर वायरिंग बदलून १६ किंवा ४ होईल, ८ काही केल्या होत नाही. दोन्ही कॅब १६ च्या झाल्या की सिलेक्टर १६ वर ठेवून कुठलीही एक, आणि ८ वर ठेवून दोन्ही, सगळं हिशोबात.

मग स्विच. गाण्याच्या मधेच बदलायचं नसेल तर स्विच नकोच, हेड स्टँडबायवर टाका (ट्यूब गरम राहतात, आवाज बंद), पाचेक सेकंद थांबा, एका कॅबचा प्लग काढून दुसरीचा लावा, झालं. हे कंटाळवाणं वाटतं पण हेड आणि स्पीकरच्या मधे जेवढे सांधे कमी तेवढं बरं, कारण स्विचचा कॉन्टॅक्ट दोन वर्षांनी जळतो तो नेमका तुम्ही मोठ्याने वाजवत असतानाच. स्टेजवर हवंच असेल तर ह्याच कामासाठी बनलेला स्विचर घ्या, रॅडियल कंपनीचा कॅबबोन आहे. त्यांचाच हेडबोन नजरेस पडेल पण तो उलट्या कामाचा, दोन हेड एक कॅब, चुकून तो मागवू नका.

स्विचचा डबा स्वतः बनवणार असाल तर पुण्यात बुधवार पेठ नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं सामान मिळतं. स्विच मोठा घ्या, १० अँपिअरवाला डीपीडीटी (दोन वायरी एकदम इकडून तिकडे बदलणारा), पेडलमधला नको. आणि हेडकडून येणाऱ्या दोन वायरींच्या मधे, म्हणजे स्विचच्या आधी, २२० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर कायमचा सोल्डर करून टाका. १६ ओहमच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या त्या जोडणीवर) तो साधारण साडेतीन वॉट खातो, फाडून वाजवलं तर दुप्पट, म्हणून २० वॉटचाच घ्या आणि लाकडाला टेकू देऊ नका, चांगला तापतो. आवाजात फरक कळत नाही, पण स्विच मधे अडकला तरी ट्रान्सफॉर्मर पूर्ण ओपन होत नाही. तो स्पीकरची जागा घेत नाही हां, त्या क्षणभरापुरताच आधार आहे. तरीही बदलताना आधी ट्यूनर पेडल दाबून आवाज बंद करा, सिग्नलच नसेल तर वोल्टेज उसळायचा प्रश्नच राहात नाही.

हाच डबा उद्या कुणी क्लास डीच्या छोट्या अँपला (ट्रान्झिस्टरचाच हलका प्रकार) लावायला मागितला तर जॅक प्लॅस्टिक बॉडीचे आहेत का बघा. त्यातल्या बऱ्याच अँपमधे स्पीकरची एकही वायर ग्राउंड नसते, आणि धातूच्या डब्यातून ती ग्राउंडला भिडली की संपलं.

दोन्ही कॅब एकदम वाजवताना बेस गायब वाटला तर प्रत्येक कॅबच्या केबलला ९ वोल्टची बॅटरी प्लगच्या टोकाला प्लस अशी क्षणभर लावा, दोन्हीकडचे स्पीकरचे कोन (कागदी पडदे) बाहेर यायला पाहिजेत. एक बाहेर एक आत असेल तर एका कॅबच्या वायरी उलट करा. जुने जेबीएल कंपनीचे स्पीकर असतील तर लाल टर्मिनलवर विसंबू नका, त्यांची दिशाच उलटी असायची.

हेडच्या मागे एकच जॅक आणि सिलेक्टर आहे, की ८ आणि १६ चे वेगळे जॅक आहेत, ते लिहा. वेगळे असतील तर स्पीकर न बदलता प्रत्येक कॅबला तिचाच टॅप जाईल असा डबा त्याच डीपीडीटीत बसतो, वायरिंग सांगतो.