टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीत गॅसची विहीर खोदू न देण्याचा अधिकार नगरपालिकेला आहे का?

आपण लिहिले आहे की डेंटन काउंटीत एक घर पसंत पडले आहे, त्याच्या मागच्या कुंपणापासून शंभरेक पावलांवर जाळी लावलेली मोकळी जागा आणि तिच्यात गॅसच्या विहिरीच्या हिरव्या टाक्या आहेत, आणि उद्या तेथे आणखी विहिरी खोदायचे ठरले तर शहर ते थांबवू शकेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. थांबवू शकणार नाही. २०१५ पासून तर नाहीच. शहराच्या हातात काय उरले आहे ते पुढे सांगते. पण हिरव्या टाक्यांचे आपले वर्णन वाचून मला आधी दुसरेच सांगावेसे वाटते, कारण अशाच टाक्या पाहून आम्हीही घर घेतले होते.

ते वर्ष होते २०१२. गावाचे, बिल्डरचे किंवा गॅस कंपनीचे नाव मी देणार नाही. गाव याच काउंटीतले आहे एवढे पुरे. घर दाखवणाऱ्या विक्रेत्या बाईंनी त्या टाक्यांकडे बोट दाखवून सांगितले की विहीर जुनी आहे, आता तिच्यातून फारसे काही निघत नाही, आणि मागे कोणाचे घर येणार नाही हा उलट फायदाच समजा. आम्हाला तो खरोखरच फायदा वाटला. पुण्यात समोरच्या गॅलरीतून आपल्या ताटात काय वाढले आहे ते दिसते, त्यामुळे मागे मोकळे रान असलेले घर मिळणे ही आमच्या दृष्टीने चैनच होती. सह्या करण्याच्या दिवशी कागदांच्या चळतीत एक ओळ होती की या जमिनीखालचे खनिज हक्क पूर्वीच्या मालकाने राखून ठेवलेले आहेत. समोरच्या गृहस्थांनी ती ओळ अर्ध्या मिनिटात समजावली आणि इकडच्या बहुतेक घरांना ती असतेच असे म्हणून पान उलटले. ते खोटे बोलत नव्हते. आपल्याकडे जमिनीखालचे तेल सरकारचे असते, त्यामुळे या ओळीचा अर्थ आपल्या मनात उतरायला वेळ लागतो. टेक्सासमध्ये जमिनीचा पृष्ठभाग आणि तिच्या पोटातले खनिज या दोन वेगळ्या मालमत्ता असू शकतात, त्या दोन वेगळ्या माणसांना विकता येतात, आणि त्या दोहोंत खनिजाची मालकी वरचढ मानली जाते. खनिज काढण्यासाठी पृष्ठभाग वाजवी प्रमाणात वापरण्याचा हक्क खनिजमालकाला त्यातूनच मिळतो.

२०१३ च्या शरद ऋतूत त्या मोकळ्या जागेवर रिग, म्हणजे विहीर खोदण्याचा उंच सांगाडा, उभी राहिली. जुनी विहीर एकच होती. त्याच जागेवर आणखी पाच खोदायच्या होत्या. आमच्या पायाखाली जो बार्नेट शेल नावाचा खडक आहे तो सात-आठ हजार फूट खोल आहे, आणि त्याला भेगा पाडून गॅस काढण्याची युक्ती जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीला साधली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस, याच भागात. हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा एवढेच कळत होते की रात्री दोन वाजता न्हाणीघराच्या खिडकीतून दिवसासारखा उजेड येतो, लोखंडी नळ्या एकमेकींवर आपटल्या की माझी चार महिन्यांची मुलगी दचकून उठते, आणि खोदकाम संपून फ्रॅकिंग (म्हणजे दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडकाला त्या भेगा पाडणे) सुरू झाल्यावर पंपांची जी घरघर सुरू होते ती कानाला कमी आणि छातीला जास्त जाणवते. एकेका विहिरीला तीस-चाळीस लाख गॅलन पाणी लागते. पाणी नळांनी आणले तरी वाळू, रसायने आणि परतलेले खारे पाणी ट्रकनेच वाहायचे असते. माझे पती सकाळी कामावर जात. मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्यावर, होते, म्हणजे तेव्हाच्या नियमाप्रमाणे मला नोकरी करण्याची परवानगीच नव्हती, आणि त्यामुळे त्या जागेचा शेजार चोवीस तास लाभला तो मला. मी एका वहीत वेळा लिहून ठेवू लागले: ट्रक किती वाजता, धूर कधी, उजेड कोणत्या खिडकीवर.

नगरपालिकेत फोन केला. तिथल्या कर्मचाऱ्याने अतिशय सौजन्याने सांगितले की घरापासून विहीर किती लांब हवी याचा नियम गावाने अलीकडेच कडक केला आहे, पण ही जागा त्याआधी मंजूर झालेली असल्यामुळे तिला जुनाच नियम लागू होतो. टेक्सासचा कायदा तसाच आहे: पहिला अर्ज ज्या दिवशी दाखल होतो त्या दिवशीचे नियम त्या प्रकल्पाला शेवटपर्यंत पुरतात. पुण्या-मुंबईत इमारतीभोवती सोडायच्या जागेला सामासिक अंतर म्हणतात; तेच समजा, फक्त येथे इमारतीऐवजी विहीर. आणि आणखी एक गोष्ट, जी ऐकून मी फोन हातात धरून नुसती बसून राहिले: नव्या विहिरीने जुन्या घरापासून लांब राहण्याचा नियम निराळा आणि नव्या घराने जुन्या विहिरीपासून लांब राहण्याचा निराळा, आणि दुसरा फारच सैल. शेजारच्या डेंटन शहरातही तेव्हा हेच होते. २०१३ मध्ये तेथे विहिरीला घरापासून १,२०० फुटांचे बंधन होते, आणि आधीपासून असलेल्या विहिरीजवळ बिल्डरला २५० फुटांपर्यंत घरे बांधता येत होती. धोका अंतरावर ठरत असेल तर आधी कोण आले याने त्यात काय फरक पडतो, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीला आम्ही फराळासाठी माझ्या थोरल्या दिरांकडे प्लेनोला गेलो होतो. पुढच्या मंगळवारी गावच्या कौन्सिलच्या बैठकीत मी बोलणार आहे, असे मी चकली खाता खाता सांगितले. भाऊजींनी ताटली खाली ठेवली. त्यांचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. पहिला असा की विहीर आधी होती, घर आपण नंतर घेतले, तेव्हा तक्रार करण्याचा नैतिक हक्क आपल्याला नाही. दुसरा असा की आपण या देशात पाहुणे आहोत, आपले ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, आणि पाहुण्याने घरच्यांच्या भांडणात तोंड घालू नये. जाऊबाईंनी विषय बदलण्यासाठी करंज्या आणल्या, पण विषय बदलला नाही. मी एवढेच म्हटले की विहीर एक होती, सहा नव्हत्या, आणि पाहुण्याला झोप लागत नसेल तर त्याने यजमानाला ते सांगण्यात गैर काय. गाडीत बसल्यावर पतींनीही सुचवून पाहिले की भाऊजींचे अगदीच चूक नसेल. डेंटन येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मंगळवारी मी बोलले. प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात आणि समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो. माझ्या आधी एक वृद्ध गृहस्थ उठले. त्यांनी सांगितले की त्यांच्या आजोबांची शेती याच मातीवर होती, जमीन विकली तेव्हा खनिज त्यांनी मुद्दाम राखले, आणि आता दर महिन्याला येणाऱ्या रॉयल्टीच्या चेकमधून पत्नीच्या औषधांचा खर्च निघतो. ही विहीर बंद करायची असेल तर तो चेक कोण देणार आहे तेही सांगा. सभागृहातल्या काही लोकांनी नाके मुरडली. मला मात्र तो माणूस आजच्या सभेतला सर्वांत सरळ माणूस वाटला, आणि उठताना मी माझ्या कागदावरचे पहिले वाक्य खोडले. विहीर बंद करा असे मी म्हटलेच नाही. वहीतल्या वेळा वाचून दाखवल्या आणि तीन गोष्टी मागितल्या: शाळेच्या बसच्या वेळेत ट्रक आणू नयेत, दिवे खाली वळवावेत, आणि काम सुरू होण्याआधीची सूचना घरमालकांप्रमाणे भाडेकरूंनाही पोहोचावी. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर विचार करू असे सांगण्यात आले, आणि तो विचार बहुधा अजून चालू असावा.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. डेंटनच्या हद्दीत तेव्हा पावणेतीनशेच्या आसपास गॅस विहिरी होत्या, त्यातल्या काही उद्यानासमोर आणि रुग्णालयासमोर. ४ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराच्या मतदारांनी सुमारे ५९ टक्के मतांनी फ्रॅकिंगवर बंदी घातली. टेक्सासमधील हे पहिले शहर. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या तेल व वायू उत्पादकांच्या संघटनेने आणि राज्याच्या भूमी कार्यालयाने दावे लावले, आणि रेलरोड कमिशनच्या तेव्हाच्या अध्यक्षा क्रिस्टी क्रॅडिक यांनी आपण परवाने देत राहणार असल्याचे सांगितले. (नावात रेल्वे असली तरी या कमिशनकडे रेल्वेचे काहीच उरलेले नाही, राज्यातल्या तेल आणि गॅसचा कारभार तेच पाहते.) पुढच्या वर्षी विधिमंडळाने एचबी ४० हे विधेयक मंजूर केले, १८ मे २०१५ रोजी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्यावर सही केली, आणि जूनमध्ये डेंटनच्या कौन्सिलला स्वतःच्याच मतदारांनी केलेली बंदी स्वतःच्या हाताने मागे घ्यावी लागली. त्याच मे महिन्यात एच-४ वरच्या काही जणींना नोकरीची परवानगी मिळू लागली आणि मीही अर्ज केला, म्हणून तो महिना माझ्या पक्का लक्षात आहे.

या कायद्याने जमिनीखालचा सगळा कारभार राज्याच्या हाती गेला. शहराला नियम करता येतात ते फक्त जमिनीवरच्या गोष्टींचे: आग आणि आणीबाणीची तयारी, वाहतूक, दिवे, आवाज, पूर्वसूचना आणि वाजवी अंतर. तेही धंद्याच्या दृष्टीने परवडण्याजोगे हवेत, आणि त्यांनी खोदकाम प्रत्यक्षात अशक्य होता कामा नये. यातली एक तरतूद फारसे कोणी वाचत नाही. जो नियम किमान पाच वर्षे लागू आहे आणि ज्याच्या अमलाखाली विहिरी चालू राहिल्या आहेत, तो वाजवी आहे असे कायदा सुरुवातीलाच धरून चालतो. म्हणजे डेंटनची ताजी, गाजलेली बंदी गेली, आणि आसपासच्या गावांचे आवाजाचे, ट्रकच्या मार्गांचे, भिंतींचे जुने कंटाळवाणे नियम टिकले.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे, आणि डेंटनमधल्या माझ्या मैत्रिणींना ते आवडत नाही: ती बंदी चूक होती. बंदी मागणाऱ्यांचा राग खरा होता, घराशेजारी विहीर सोसलेल्या माणसाला तो समजतो. पण त्या मतदानाने राज्याला निमित्त मिळाले आणि शहराजवळ जे अधिकार होते त्यातलेही बरेच गेले. आमच्या गावाला आज अंतराचा नियम वाढवायचा म्हटले तरी आधी वकिलाला विचारावे लागते. न्यूयॉर्कमध्ये ड्रायडनसारख्या गावांची बंदी २०१४ मध्ये त्या राज्यातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने उचलून धरली, कोलोराडोत लाँगमाँटची बंदी २०१६ मध्ये रद्द झाली आणि २०१९ मध्ये नव्या कायद्याने गावांना बराच अधिकार परत दिला. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांचे सल्ले येथे लागू करू नका.

घर घ्यावे की नाही, हे मी ठरवू शकत नाही. टाक्या जुन्या आहेत यावर मात्र विसंबू नका. जुनी जागा म्हणजे बहुतेकदा नव्या विहिरींसाठी आधीच मंजूर असलेली जागा. रेलरोड कमिशनच्या संकेतस्थळावरचा नकाशा फुकट पाहता येतो; त्यात चालू विहिरी, बुजवलेल्या विहिरी आणि खोदकामाचे मंजूर परवाने दिसतात. पण परवाना मोजक्या मुदतीचा असतो आणि नवा पुढे कधीही काढता येतो, त्यामुळे आज परवाना नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. शहराच्या कार्यालयात जाऊन त्या जागेचा मंजूर आराखडा मागा आणि त्यात किती विहिरींची सोय आहे ते मोजा. मालमत्तेच्या कागदांत खनिज कोणाचे आहे ते शोधा, आणि सहीच्या दिवशी पान उलटू देऊ नका.

मी वकील नाही, आणि दूषित हवेचा प्रश्न मी मुद्दामच टाळला आहे, कारण माझ्या वहीत फक्त वेळा होत्या, मोजमापे नव्हती. बार्नेटमध्ये पूर्वीसारखी धावपळ उरलेली नाही हेही खरे, गॅसचे भाव २००८ नंतर कोसळले आणि बऱ्याच कंपन्या पश्चिम टेक्सासात गेल्या. तेव्हा आपल्या मागे कदाचित कधीच काही होणार नाही. पण झालेच, तर बैठकीला जा. आपण व्हिसावर आहात असे आपण प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे, म्हणून हे सांगते. मतदान मलाही करता येत नव्हते. बोलण्याआधी दाराशी एक कार्ड भरून द्यावे लागते, आणि आमच्या गावच्या कार्डावर नाव, पत्ता आणि विषय असे तीनच रकाने होते. नागरिकत्वाचा रकाना नव्हता. भाऊजींना हे मी आतापर्यंत तीन दिवाळ्यांना सांगितले आहे.