पाटीवर 3,499, काउंटरवर 4,199 आणि बिल फक्त फोनवर

प्रश्न: मी 67 वर्षांची आहे, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहते. माझ्याकडे साधा बटणांचा फोन आहे. बारा दिवसांपूर्वी राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानातून मिक्सर घेतला. रॅकवरच्या पाटीवर 3,499 रुपये लिहिले होते, काउंटरवर 4,199 मागितले. "तो भाव अ‍ॅप असलेल्यांना," असं सांगितलं. मिक्सर हवाच होता, म्हणून रोख पैसे दिले. मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही म्हणाले. नंबर दिला, तर कागद मिळालाच नाही. एक मेसेज आला, त्यातलं बिल माझ्या फोनवर उघडत नाही. तिसऱ्या वापरालाच मोठ्या भांड्याच्या बुडातून गळायला लागलं आणि मोटरला जळका वास येऊ लागला. चौथ्या दिवशी परत नेला, तर "रिटर्न अ‍ॅपवरूनच टाकावं लागतं" म्हणून परत पाठवलं. आता रोज जाहिरातींचे फोन येतात. काय करू?

उत्तर: ताई, तुमचा राग 700 रुपयांच्या फरकावर आहे. पण तुमच्या चार तक्रारींपैकी तीच सगळ्यांत कच्ची आहे. खरी पक्की तक्रार आहे ती बिघडलेला माल परत न घेतल्याची, आणि बिलावर वेगळी मुदत छापलेली नसेल तर तिच्यासाठी तुमच्या हातात अजून अठरा दिवस आहेत. म्हणून आधी तिकडे वळू.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये कलम 2(47) आहे. अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं, ते त्यात सांगितलं आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मुदत कोणती? बिलावर लिहिली असेल ती, आणि बिलावर काहीच नसेल तर 30 दिवस. "अ‍ॅपवरून टाका" ही अट या कलमात कुठेही नाही. दुकानाने आपल्या सोयीसाठी अ‍ॅप ठेवावं, पण माल काउंटरवर विकला असेल तर तो काउंटरवर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. मात्र हे कलम सदोष मालापुरतंच आहे. रंग आवडला नाही, घरी आणल्यावर मोठा वाटला, अशा कारणांना ते लागू होत नाही. तिथे दुकानाचे स्वतःचे नियम चालतात.

अडचण अशी की तुमच्या बिलावर "सात दिवसांत" असं छापलेलं असू शकतं आणि ते बिल तुम्ही पाहिलेलंच नाही. तेव्हा आजच घरातल्या किंवा शेजारच्या कुणाच्या स्मार्टफोनवर त्या मेसेजमधली लिंक जशीच्या तशी टाइप करून उघडा आणि दोन प्रिंट काढून घ्या. अशा लिंका काही दिवसांनी बंद पडतात, म्हणून थांबू नका. मेसेज पुसू नका. तो उघडा ठेवून फोनच्या पडद्याचा फोटो काढा, त्यात तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे. फोन बदलायचा विचार असेल तर जुना हँडसेट टाकू नका. मुदत सात दिवसांची निघाली तरी घाबरायचं कारण नाही, तुम्ही चौथ्या दिवशी गेला होता. फक्त त्या फेरीचा कागद तुमच्याकडे नाही, आणि तोच आता तयार करायचा आहे.

तो कागद म्हणजे शाखा व्यवस्थापकाच्या नावाने साधं पत्र. भाषा साधीच ठेवा: "दि. अमुक रोजी आपल्या राजारामपुरी शाखेतून अमुक कंपनीचा, अमुक मॉडेलचा, अमुक अनुक्रमांकाचा मिक्सर मी रोख 4,199 रुपये देऊन घेतला. तिसऱ्या वापरात भांडं गळू लागलं व मोटरला जळका वास येऊ लागला. दि. अमुक रोजी मी मिक्सर घेऊन दुकानात आले असता तो परत घेण्यास नकार देण्यात आला व अ‍ॅपवर नोंद करण्यास सांगितले. माझ्याकडे स्मार्टफोन नाही. मिक्सर परत घेऊन 4,199 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत व छापील बिल द्यावे. माझा मोबाईल नंबर जाहिरातीसाठी वापरण्यास माझी संमती नाही. पूर्वी घेतली असल्यास ती मी मागे घेत आहे." अनुक्रमांक मिक्सरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर असतो. पत्राच्या दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद घालत बसू नका. तीच प्रत पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती मागा. एक शाखेला, एक दुकान चालवणाऱ्या कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला.

इथे बरेच जण चुकतात. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि ते चालवणाऱ्या कंपनीचं नाव एकच असेल असं नाही. तक्रार चुकीच्या नावावर गेली की समोरचा पक्ष "आम्ही ते नव्हेच" म्हणतो आणि दुरुस्तीत महिने जातात. बिलावर कंपनीचं पूर्ण नाव आणि पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. बिल उघडलंच नाही, तरी हाच क्रमांक दुकानाच्या दर्शनी नामफलकावर लावणं जीएसटीच्या नियमांनी बंधनकारक आहे. महाराष्ट्रातला असेल तर तो 27 ने सुरू होतो. उतरवून घ्या. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कायदेशीर नाव मिळतं.

मिक्सर ओळखीच्या मेकॅनिककडे उघडायला देऊ नका. वॉरंटी जाते आणि पुरावाही जातो. खोकं, थर्माकोल, वॉरंटी कार्ड, सगळं जपा. भांडं गळतानाचा छोटा व्हिडिओ कुणाकडून काढून घ्या. दुकान म्हणेल, "कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा." जायला हरकत नाही, फायदाच आहे. तिथल्या माणसाने जॉबशीटवर (तपासणीच्या कागदावर) "भांड्याची गळती, मोटर गरम" असं लिहून दिलं की दोषाचा लेखी पुरावा मिळतो. फक्त "दुरुस्ती मान्य" अशा ठिकाणी सही करण्याआधी वाचा आणि "परताव्याचा हक्क राखून" एवढे शब्द स्वतः लिहा. कंपनीकडून येणारं नेहमीचं उत्तर असतं की भांडं जास्त भरलं किंवा मिक्सर सलग चालवला. आपल्याकडे वर्षाची चटणी मिक्सरवर केली का, हाही प्रश्न विचारतील. माहितीपत्रकात किती भरायचं आणि सलग किती मिनिटं चालवायचं ते दिलेलं असतं. तीन वेळा काय वाटलं ते आत्ताच आठवून लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आठवणार नाही.

आता बिल आणि मोबाईल नंबर. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराने 200 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या विक्रीचं बिल द्यायलाच हवं, ग्राहकाने मागो अथवा न मागो. बिल न देणं ही ग्राहक कायद्यातही अनुचित प्रथा आहे. बिलावर काय असावं हे 2020 च्या ग्राहक संरक्षण सर्वसाधारण नियमांत दिलं आहे: विक्रेत्याचं नाव-पत्ता, क्रमांक, तारीख, ग्राहकाचं नाव, मालाचं वर्णन, किंमत, सवलत, कर. मोबाईल नंबर त्या यादीत नाही. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनांना कळवलं होतं की नंबर दिला नाही म्हणून ग्राहकाला सेवा नाकारू नये. तरीही संगणकात नंबराची जागा भरल्याशिवाय पुढचं पान येत नाही, असं काउंटरवरचा मुलगा सांगतो. त्याचं खरंही असतं. ती जागा कशी भरायची हा दुकानाचा प्रश्न, तुमचा नव्हे.

दुकानाचा बचाव मात्र आधीच ओळखून ठेवा: "लिंक पाठवली म्हणजे बिल दिलं." इलेक्ट्रॉनिक बिल चालतं, त्यावर सहीही लागत नाही, त्यामुळे हा बचाव अगदीच पोकळ नाही. साधा फोन समोर दिसत असताना न उघडणारी लिंक पाठवणं म्हणजे बिल देणं नव्हे, हे आपलं उत्तर. पण ते टिकायचं तर तुम्ही छापील बिल लेखी मागितलेलं असलं पाहिजे. वरच्या पत्रात ती ओळ म्हणूनच घातली आहे.

जाहिरातींच्या फोनवरचा उपाय तुमच्या साध्या फोनवरूनही होतो. 1909 ला मेसेज करा: इंग्रजी मोठ्या अक्षरांत स्टार्ट, एक जागा सोडून 0. तरीही फोन आला तर सात दिवसांच्या आत 1909 वरच तक्रार नोंदवता येते. मात्र काउंटरवर नंबर देताना कुणी ओटीपी विचारला आणि तुम्ही सांगितला असेल, तर त्यालाच संमती म्हणून दाखवतील. तशी संमती असेल तर 1909 ची नोंद एकटी पुरत नाही, म्हणून पत्रात ती मागे घ्यायची. पुढे "पॉइंट जमा करतो" म्हणून कुणालाही ओटीपी सांगू नका. त्याने तुमच्या नावाचं खातं उघडलं जातं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. पण दुकानांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात, त्यामुळे तुमची तक्रार सध्या त्यावर उभी करू नका.

राहिले ते 700 रुपये. अ‍ॅपवाल्याला कमी भाव आणि काउंटरवाल्याला जास्त, हे स्वतःहून बेकायदा नाही. कायदा कमाल किमतीची मर्यादा घालतो. तिच्या खाली कुणाला किती सवलत द्यायची ते दुकानदार ठरवतो. खोक्यावरची छापील किंमत बघा. ती 4,199 पेक्षा कमी असेल तर प्रकरणच वेगळं, सरळ वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजनमापं आणि छापील किमती तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे जा. बहुधा ती जास्तच असेल. मग प्रश्न उरतो पाटीचा. "फक्त अ‍ॅपवर" असं पाटीवर ठळक लिहिलं होतं का? असेल तर हा मुद्दा सोडा. अक्षर मुंगीएवढं असेल किंवा अटच नसेल, तर दिशाभूल करणारी जाहिरात आणि द्यायचा नसलेला स्वस्त भाव दाखवणं, ही दोन्ही कलमं लागतात. तेव्हा पत्र द्यायला जाल त्या दिवशी कुणाला तरी बरोबर नेऊन पाटीचा जवळून आणि लांबून, असे दोन फोटो काढा. लांबचा फोटो महत्त्वाचा, कारण उभ्या माणसाला ती अट वाचता येते की नाही ते त्यात दिसतं. फोटो मिळाला नाही, तर दुकान म्हणेल की भाव सांगितला आणि बाईंनी खुशीने पैसे दिले. त्याला तुमच्याकडे फारसं उत्तर नाही.

कुणी तुम्हाला 2023 च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या युक्त्यांबद्दलच्या, मार्गदर्शक सूचना दाखवतील. त्यात बळजबरीने अ‍ॅप घ्यायला लावणं वगैरे तेरा प्रकार आहेत, पण त्या संकेतस्थळ आणि अ‍ॅपच्या पडद्यावरच्या युक्त्यांसाठी आहेत. काउंटरवरच्या व्यवहाराला त्या लावायला गेलात तर समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळेल.

पत्राला उत्तर येईपर्यंत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवा, साध्या फोनवरून होते. नोंदणी क्रमांक लिहून घ्या. मोठ्या साखळी दुकानांची प्रकरणं बऱ्याचदा इथेच मिटतात, कारण तक्रार शाखेऐवजी मुख्य कार्यालयाच्या टेबलावर जाते. पण हेल्पलाइनला हुकूम काढण्याचा अधिकार नाही.

पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून इथे आलं असलं तरी ही तक्रार तिकडची नव्हे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की बंगळुरात, तुम्ही राहता तिथे तक्रार दाखल होते. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून करता येते; कागदावरची घेतात का, ते आयोगाच्या कार्यालयात आधी विचारा. विरुद्ध पक्ष दोन करा, दुकान चालवणारी कंपनी आणि मिक्सर बनवणारी कंपनी, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहणार नाही. मागणी मोजकी असू द्या: मिक्सर परत देऊन 4,199 रुपये, त्यावर व्याज, त्रासाबद्दल काही हजार आणि तक्रारीचा खर्च. चार हजारांच्या मिक्सरसाठी दोन लाखांची भरपाई मागितली की मूळ मागणीचं वजनही कमी होतं. सोबत शपथपत्र, पत्राची प्रत, पोचपावती, बिलाची प्रिंट, फोटो, जॉबशीट. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तराला 30 दिवस आणि फार तर आणखी 15. त्यापुढे वाढ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये पक्कं केलं आहे. निकालाची मुदत कायद्यात तीन महिन्यांची आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, मनाची तयारी ठेवा.

कागद लिहायला मदत हवी असेल तर कसबा बावड्यातल्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आणि "अ‍ॅपशिवाय परतावा नाही" हा त्या दुकानाचा सगळ्यांसाठीच नियम असेल, तर त्याची वेगळी लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांबाबत चौकशीचा अधिकार त्यांना 2019 च्याच कायद्याने दिला आहे. तिथून तुमचे पैसे मिळणार नाहीत, पण काउंटरवरचा तो नियम निघू शकतो.

नोटीस गेली की दुकानातून बहुधा फोन येईल: "आजी, या, बदलून देतो." जरूर जा. बदली मिक्सर घेतला तर तिथेच भांड्यात पाणी घालून चालवून बघा आणि नव्या अनुक्रमांकाचं छापील बिल घ्या. पैसे घेणार असाल तर रोख किंवा बँक खात्यात घ्या. अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पॉइंट किंवा क्रेडिट नोट घेऊ नका, कायद्यात परतावा म्हणजे दिलेली रक्कम. "माझी तक्रार नाही" या कागदावर सही पैसे हातात पडल्यानंतरच करा, आणि त्याची एक प्रत मागून घ्या.