हात नाही चुकला, फिल्म चुकली

प्रश्न : काका, कॅमेऱ्यातूनच लगेच छापून निघणारे पोलरॉइड फोटो काडीने घोटून तैलचित्रासारखे केलेले जुने नमुने पाहिले. मी इन्स्टॅक्स मिनी या तशाच झटपट फोटोच्या कॅमेऱ्यावर सिद्धेश्वर मंदिर टिपलं आणि रिकाम्या रिफिलने तळ्याचं पाणी घोटलं. नुसते ओरखडे उठले. चार फोटो वाया गेले. काय चुकलं?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : अगं, तुझ्या हाताचा काही दोष नाही. ती करामत पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्याच्या फिल्मवर व्हायची. कॅमेरा १९७२ चा. वरच्या पारदर्शक प्लास्टिकखाली तिचा रंगाचा थर कित्येक तास लोण्यासारखा मऊ राहायचा. लुकास समारास नावाच्या कलावंताने स्वतःचेच फोटो असे दाबून-ओढून पार भुतासारखे केले होते. पुढे ही फिल्म बंद पडली. तुझ्या इन्स्टॅक्सचा थर तसा मऊ राहतच नाही. कितीही घोट, वरचं प्लास्टिक तेवढं खरवडतं.

माझ्याकडे मामेभावाने मस्कतहून आणलेला एक एसएक्स-७० होता. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी आणि ती धरणारा मानकरी टिपला, पण पहाटेच्या गारठ्यात थर घट्ट झालेला. मग फोटो चहाच्या गरम किटलीला टेकवला आणि विणायच्या सुईच्या मागच्या टोकाने त्याच्या पांढऱ्या बाराबंदीच्या, म्हणजे अंगरख्याच्या, चुण्या एकेक ओढत बसलो. पांढऱ्यात निळं आकाश उतरलं. काठी मात्र जरा जोरात दाबली, ती मधेच मोडल्यासारखी दिसते. आई म्हणाली, "अपशकुन केलास." तोच फोटो अजून माझा सगळ्यात आवडता.

तुला हाताने काही करायचंच असेल तर घोटण्याऐवजी चित्रच सोलून कागदावर घे. त्यासाठी कुणाचा तरी पोलरॉइड माग आणि त्यात आज मिळणारी फिल्म घाल. महाग आहे, पाकिटात आठच फोटो. फोटो नीट उमटला की चौकट काप, काळी पाठ सोल आणि पुढचं प्लास्टिक कोमट पाण्यात ठेव. थोड्या वेळाने मऊ ब्रशने कडेकडेने हलव. दुधावरची साय सुटावी तसं चित्र सुटतं. खाली जलरंगाचा कागद सरकवून उचल आणि हव्या त्या सुरकुत्या पाड. पहिलं फाटेल. माझी तीन फाटली.

सोलताना हातमोजे घाल, आतला रसायनाचा लगदा कातडीला झोंबतो. आणि फिल्म फ्रीजमध्ये ठेव. अठ्ठावीस अंशांच्या वर ती तांबूस पडू लागते. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर पडलीस तर तुझं तळं भगवंच येईल.