कोकोमुळे वेगवेगळ्या देशांतले अनोळखी लोक खरंच जोडले जातात का, की ती नुसती जाहिरातीची भाषा?

जाहिरातीची भाषा तर आहेच. तरी माझं उत्तर 'हो' असं आहे. फक्त माझ्या पाहण्यात माणसं जोडली गेली ती बहुतेक वेळा काहीतरी बिघडलं म्हणून.

आधी 'नाही'ची बाजू. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो, आणि त्यातला बराचसा पोत्यांपोत्यांत मिसळून जातो. कुणाच्या झाडाची बी कुणाच्या चॉकलेटात गेली, याचा पत्ता लागत नाही. भाव ठरतो लंडन आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला तो टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला, पण या दोन्ही देशांत शेतकऱ्याचा भाव सरकार आधीच बांधून देतं, त्यामुळे ती उसळी त्याच्या हातात पडली नाही. याला जोडलं जाणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी घरी कच्च्या बिया भाजून, पाखडून, ग्रॅनाइटच्या चाकांच्या छोट्या ग्राइंडरमध्ये दोन-दोन दिवस वाटत बसणाऱ्यांपैकी. एकदा एक्वाडोरहून आलेल्या बियांचं चॉकलेट इतकं तुरट झालं की जीभ टाळूला चिकटावी. भाजण्यात माझंच चुकलं असं धरून मी तीनदा तापमान बदललं. ढिम्म फरक नाही. मग पन्नास कच्च्या बिया उभ्या कापल्या, बशीत मांडल्या. नीट आंबलेली बी आतून तपकिरी असते, भेगाळलेली असते. यातल्या वीसेक जांभळ्या आणि गच्च निघाल्या.

बशीचा फोटो त्या बिया आंबवणाऱ्या गृहस्थांना पाठवला. मला स्पॅनिश येत नाही, त्यांचं इंग्रजी बेताचं. एरवी आमच्यात फोन दुभाष्याचं काम करतो आणि अधूनमधून अनर्थही करतो. या फोटोला दुभाषी लागला नाही. पाच मिनिटांत उत्तर आलं: तिसऱ्या दिवशी पाऊस होता, पेटी उलथायची राहिली.

एवढ्यानं काय होतं? गरासकट ओल्या बिया आंबायला पेटीत भरून ठेवतात आणि मधूनमधून वरखाली करतात, तीच उलथणी. बियांभोवतीच्या पांढऱ्या गरातली साखर आधी यीस्ट खातं आणि मद्यार्क तयार होतो. पेटी उलथली की आत हवा शिरते, मग त्या मद्यार्काचं ॲसेटिक आम्ल करणारे जीवाणू जोर धरतात आणि ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो. या उष्णतेनं आणि आम्लानं बी मरते, आणि चॉकलेटची चव तिथून पुढे घडायला लागते. हवाच मिळाली नाही तर तुरटपणा तसाच बसून राहतो. मी आठवडाभर माझ्या भट्टीत जी चूक शोधत होते, ती त्या पावसात राहून गेली होती.

वाटलं होतं, गृहस्थ रागावतील. त्यांनी ते चॉकलेट मागितलं. म्हटलं, पुढच्या खेपेचं चांगलं पाठवते; तर म्हणे, नको, हेच पाठवा. वीस वर्षं बिया आंबवल्या, पण आपल्या बियांचं चॉकलेट त्यांनी कधी चाखलं नव्हतं. पेटी उलथणाऱ्या सगळ्यांना त्यांनी एकेक तुकडा खायला लावला, आणि आता पाऊस आला तर पेटीवर ताडपत्री ताणून उलथणी होते. माझी अडचण उलटी आहे: तो ताजा गर कसा लागतो हे मला आजही ठाऊक नाही, कारण तो प्रवासात टिकत नाही. त्यांनी दोनदा वर्णन केलं, दोन्ही वेळा वेगळं.

सध्या आमचं वाळवणीवर चाललंय. ते मूठभर बिया फोनजवळ धरून दाबतात. करकर वाजल्या तर वाळल्या. आवाज दबका आला तर अजून ऊन हवं. परवाचा आवाज ऐकून मी लिहिलं, "अजून एक दिवस." त्यांचं उत्तर आलं, बिया मघाशीच पुन्हा पसरल्यात.